पावडरचा डबा, पातळ वरण आणि मार्गशीर्ष

ठाण्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४९, नोकरी फोर्टला, रोजचा लोकलचा प्रवास. गणपती गेले आणि त्यांना डेंग्यू झाला, चार दिवस रुग्णालयात राहावं लागलं. प्लेटलेट्स कधीच पूर्ववत झाल्या, ताप परत आलेला नाही. पण सात आठवडे उलटले तरी अंगात त्राण नाही. स्टेशनचा पूल चढताना मांड्या थरथरतात, दुपारी ऑफिसात डोळे मिटतात, केस गळताहेत. वजन ५८ किलो होतं, ते ५४ वर आलंय. जिमला जाणाऱ्या मुलाने "मम्मी, तुला प्रोटीन कमी पडतंय" म्हणत तीन हजारांचा व्हे प्रोटीनचा डबा आणून ठेवलाय. ७८ वर्षांच्या सासूबाईंचं म्हणणं, पावडरी उष्ण पडतात, किडनी बिघडवतात; मऊ भात, मुगाचं कढण आणि डिंकाचे लाडू खा. घरात अंडी-मासे चालतात, पण सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला नाही. आता मार्गशीर्ष लागला की महिनाभर बंद, शिवाय गुरुवारचे उपवास. त्या विचारतात : "अंडी-मासे नसताना ताकद भरून यायला पावडर घ्यावीच लागेल का? मुलाचं ऐकू की सासूबाईंचं?"

ताई,

तुमच्या पत्रात मुलाच्या डब्यातली उकडलेली अंडी आहेत, यजमानांना लागणारं घट्ट दही आहे, सासूबाईंचं कढण आहे. तुमच्या स्वतःच्या जेवणाबद्दल मात्र एकच ओळ आहे : "सकाळी चहा-बिस्किट, डब्यात दोन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-खारी, रात्री एक पोळी आणि थोडा वरण-भात. मला फार लागत नाही." पावडरचा निकाल लावण्याआधी मला या ओळीपाशी थांबायचंय.

हिशोब करू. चहातलं दूध आणि दोन बिस्किटं मिळून ३ ग्रॅम प्रथिनं. दोन पोळ्यांची ६, भाजीची फार तर २. संध्याकाळचे पुन्हा ३. रात्रीची पोळी, भात आणि वरण मिळून १०-११. तेही वरण बऱ्यापैकी दाट असेल तर. सगळ्यांचं वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरतं, त्यात पाणी घालून ते आपल्या भातावर घेण्याची सवय आपल्याकडच्या कितीतरी बायकांना आहे. तुम्हाला ती असेल तर आणखी दोन-तीन ग्रॅम वजा करा. म्हणजे दिवसाला जेमतेम २५ ग्रॅम.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० सालचं प्रमाण, निरोगी प्रौढ माणसासाठी, शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम. तुमच्या ५४ किलोंना ते ४५ ग्रॅम होतं. हे झालं धडधाकट माणसाचं. आजारातून उठताना, झिजलेलं भरून काढायचं असताना, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम धरतात, म्हणजे साधारण ५५ ते ६५. डेंग्यूने तुमची भूक मारली, तापाने स्नायू झिजवले हे खरंच. पण हे २५ ग्रॅम डेंग्यूच्या आधीही २५च असणार, नाही का? आजारपणाने फक्त जुनी उधारी वर आणली.

तेव्हा मुलाचं निदान अर्धं बरोबर आहे. राहिलेलं अर्धं मात्र तपासल्याशिवाय मी त्याच्या पदरात टाकणार नाही. थकवा आला की प्रोटीन कमी, असं हल्ली सरसकट गृहीत धरलं जातं. डेंग्यूनंतरचा थकवा काही आठवडे रेंगाळू शकतो, कधी दोन-तीन महिनेही, आणि त्यातला बराचसा वेळच बरा करतो. पण ४९ व्या वर्षी थकव्याची दुसरी कारणंही दबा धरून असतात. पाळीबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. या वयात ती अनियमित होते, काहींना फार अंगावर जातं आणि शरीरातला लोहाचा साठा रिकामा होतो. अशा वेळी कितीही डाळी खाल्ल्या तरी पूल चढताना धाप लागतेच. थायरॉइड मंदावलेलं असू शकतं. ब-१२ जीवनसत्त्व मासे, अंडी, मटण आणि दूध-दह्यातूनच मिळतं, आणि तुमचे वार मोजले तर आठवड्यातले दोन दिवस आणि चतुर्थी अंडी-माशांतून वजा होतात, मार्गशीर्षात तर सगळा महिना.

म्हणून फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन एवढ्या तपासण्यांविषयी विचारा : हिमोग्लोबिनसह रक्ताची पूर्ण तपासणी, फेरिटिन (लोहाचा साठा), ब-१२, ड जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड), एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम). मधुमेह नाही असं तुम्ही लिहिलंय, पण शेवटची तपासणी कधी केली होती तेही आठवून पाहा. खासगी प्रयोगशाळेचं बिल जड वाटलं तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, नवी मुंबईकरांनी वाशीच्या महापालिका रुग्णालयात आधी चौकशी करावी. संध्याकाळची कणकण, दोन आठवड्यांहून लांबलेला खोकला, सतत उतरणारं वजन, पायांवर सूज, छातीत धडधड किंवा दुखणं यांपैकी काहीही असेल तर आहाराचं सदर वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

केसांचं मात्र मनाला लावून घेऊ नका. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांत केस गळायला लागतात, आणि पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचे आपोआप परत येतात. त्यासाठी वेगळं तेल घेऊ नका.

आता सासूबाई. त्यांच्यावर लगेच ‘जुन्या समजुती’ असा शिक्का मारू नका. ताप होता, तोंडाला चव नव्हती, पोट नाजूक होतं, तेव्हा पेज आणि मऊ भात हेच बरोबर होतं. मुगाचं कढण तर आजही बरोबर आहे, फक्त ते गाळू नका. गाळलेल्या कढणात चव आणि क्षार येतात, प्रथिनं गाळणीत राहिलेल्या डाळीत असतात. डाळ घोटून आतच ठेवा, वरून जिरं-तूप, लिंबू पिळा, आणि वाटीभर खा. सासूबाईंचा मान राहील आणि पाच-सहा ग्रॅम पोटात जातील.

डिंकाच्या लाडवाचं थोडं वेगळं आहे. डिंकात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. लाडवाची ताकद खोबरं, खारीक आणि तुपातून येते, आणि ती ऊर्जेची ताकद असते. वजन उतरलेल्या बाईला तीही हवी. पोटात पुरेशी ऊर्जा नसेल तर शरीर खाल्लेली प्रथिनं सरळ जाळून टाकतं, त्यामुळे पोळी-भात तोडून नुसती अंडी खाण्याचा जिममधला सल्ला तुमच्यासाठी नाही. हौस असेल तर डिंकासोबत अळिवाचे लाडू करा, त्यात लोहही आहे आणि प्रथिनंही. आणि रात्री भिजवलेले पाच बदाम? सव्वा ग्रॅमच्या आसपास. खा, पण ताकदीचा सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. त्याच पैशात शेंगदाणे पसाभर येतात आणि वजनाला वजन लावलं तर प्रथिनांत ते बदामाहून सरसच आहेत.

पावडरला मी शत्रू मानत नाही. व्हे म्हणजे दुधाचाच भाग, चीज करताना वेगळं होणारं पाणी आटवून, गाळून केलेला. पनीरच्या पाण्यातही तेच असतं असं काही जण समजतात. पण आपण दूध उकळून फाडतो तेव्हा त्यातली बरीचशी प्रथिनं पनीरलाच चिकटून जातात. ते पाणी पोळीच्या कणकेत घाला, टॉनिक म्हणून पिऊ नका. तर, निरोगी किडनी असलेल्या माणसाची किडनी एका चमच्याने बिघडत नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर मात्र पावडरच काय, डाळीचं प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवायचं. क्रिएटिनिन मी वर लिहिलं ते यासाठी.

पावडरच्या एका मापात बहुधा २० ते २५ ग्रॅम प्रथिनं असतात. ज्याला चावता येत नाही, ज्याची भूक मेलेली आहे, शस्त्रक्रियेनंतर दोन घासांवर ताट सरकवलं जातंय, त्याला तिचा उपयोग होतो. तुम्हाला भूक लागते असं तुम्हीच लिहिलंय. मग रोज तिची गरज नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहार-मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी पावडरी टाळायलाच सांगितलंय. पण मुलाने प्रेमाने आणलंय, डबा उघडलेलाही असेल. त्यावर केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) परवाना क्रमांक आणि हिरवा ठिपका आहे ना, साखर किती आहे, एवढं पाहून घ्या. ज्या दिवशी ऑफिसात उशीर झाला, स्वयंपाक झाला नाही, त्या दिवशी अर्धं माप दुधात. तुमच्या मार्गशीर्षालाही ती चालेल, दूध-दह्यासारखीच. ‘ताकदीचं’ म्हणून विकली जाणारी चॉकलेटी पेयं हा वेगळा प्रकार आहे, त्यांत साखर भरपूर आणि प्रथिनं बेताची असतात. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही, त्यामुळे एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाखाली असली पेयं विकू नका असं सांगावं लागलं.

आता ताट. पहिली दुरुस्ती सकाळची, कारण तुमच्या दिवसात तिथेच सगळ्यात मोठं भोक आहे. रात्री आठनंतर एकदम प्रथिनं खाऊन दिवसभराचं भरून निघत नाही, ती तीन-चार वेळांत विभागलेली बरी. तुमच्या पत्रावरून तुम्हाला घरातून साडेसातला निघावं लागतं. रात्री दोन मुठी मूगडाळ, साधारण ५० ग्रॅम, भिजत घाला. सकाळी मिरची, आलं, जिरं घालून मिक्सरमधून काढली की दोन धिरडी होतात. त्यांत १२ ग्रॅम. सोबत पेलाभर दूध घेतलं तर आणखी साडेसहा. मिक्सर फिरवणं आणि तवा गरम करणं हे काम मुलाकडे द्या. प्रोटीनचं एवढं कळतं तर धिरडं उलथायलाही जमेल! आत्ता, मार्गशीर्ष लागेपर्यंत, ज्या वारांना चालतं त्या दिवशी सरळ दोन अंडी खा, १२ ग्रॅम, दहा मिनिटांत. मुलाचा डबा भरताना त्यातलीच दोन तुमची असं त्याला सांगून टाका.

डब्यात भाजीऐवजी आठवड्यातून चार दिवस उसळ. मटकी, मूग, चवळी, मसूर, आणि सुट्टीच्या दिवशी सोलायला वेळ असेल तर वालाचं बिरडं. कोरडी ४० ग्रॅम मटकी मोड आल्यावर चांगली वाटीभर होते आणि आठ-नऊ ग्रॅम देते. मोड आणल्याने पचायलाही सोपी. गॅसचा त्रास होणाऱ्यांनी आधी मूग, मसूर, मग मटकी आणि शेवटी वाटाणा-छोले अशा क्रमाने वाढवावं, हिंग-आलं सढळ वापरावं. उसळीशी पोळी किंवा भाकरी हवीच. प्रथिनांचे जे घटक डाळीत कमी असतात ते धान्यात असतात आणि धान्यातलं उणं डाळ भरून काढते. वरण-भात, आमटी-भाकरी ही जोडी आपल्या पणज्यांनी कुठलीही पावडर न बघता जमवलेली आहे. डब्यात लिंबाची फोड टाका, आणि जेवणाला लागून चहा पिऊ नका. चहामुळे अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. तासाभराने प्या.

संध्याकाळच्या खारीच्या जागी मूठभर फुटाणे. ३० ग्रॅम फुटाण्यांत ६ ग्रॅम, पर्समध्ये राहतात, गाडीत खाता येतात, हात तेलकट होत नाहीत. जांभळी नाक्याच्या बाजारात किलोने घेतले तर महिना निघतो. सोबत गुळाचा खडा चालेल.

रात्री वरण घट्ट करा आणि पहिली वाटी स्वतःला वाढून मग इतरांना वाढा. तुमच्या घरात हे करायला तुम्हालाच जड जाणार, मला माहीत आहे. आठवडाभर तरी करून बघा. कंटाळा आला त्या दिवशी पिठलं : माणशी ४० ग्रॅम बेसन धरलं तर आठेक ग्रॅम, आणि ज्वारीच्या भाकरीचे चार-पाच वेगळे. झुणका, पाटवड्या, डाळकांदा, डाळ घातलेली मेथी, ताकातली पालकाची भाजी दाणे-हरभरा डाळ घालून. सोयाच्या गोळ्यांना कोणी नाक मुरडतं, पण २५ ग्रॅम कोरड्या गोळ्यांत १३ ग्रॅम आहेत आणि रस्सा झणझणीत असला की घरातलं कोणी ओळखतही नाही. पनीर महाग पडतं. ५० ग्रॅममध्ये नऊ, अधूनमधून ठीक.

आता हे सगळं मिळून किती झालं बघा. धिरडी-दूध १८, डब्यात पोळ्या, उसळ आणि वाटीभर दही मिळून १८, फुटाणे ६, रात्री १४-१५. सत्तावन्नच्या आसपास. एकही अंडं नाही, एकही मासा नाही, पावडरच्या डब्याचं झाकणही उघडलेलं नाही.

मासे खायचे असतील तर मार्गशीर्षाआधी खाऊन घ्या, आणि बाजारात पापलेटच्या भावाकडे बघून परत फिरू नका. बांगडा घ्या, स्वस्त आहे आणि प्रथिनांत कुठेच मागे नाही. ओले बोंबील चवीला काय वर्णावे, पण त्यांच्यात पाणीच फार. सुकवले की चित्र पालटतं : सुके बोंबील आणि जवळा यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा असतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या बायकांना हे सांगायला माझी गरज नाही. भाकरीबरोबर दोन चमचे सुकटीची चटणी उत्तम, फक्त रक्तदाब असलेल्यांनी त्यातलं मीठ लक्षात ठेवावं. पाया सूप मात्र ताकदीसाठी म्हणून पिऊ नका. त्यातलं प्रथिन अपुऱ्या प्रतीचं असतं, स्नायू बांधायला लागणारा एक घटक त्यात जवळपास नसतोच. चव म्हणून प्या.

गुरुवारच्या उपवासाचं तुम्ही चाचरत लिहिलंय, जणू मी उपवास सोडा म्हणेन अशी भीती. पूजा करा, घट मांडा, कहाणी वाचा. अंगात त्राण नसताना दिवसभर चहावर राहणं तेवढं या वर्षी टाळा. आजारी माणसाला उपवासात सूट असते हे सासूबाईही मान्य करतील, विचारून बघा. साबुदाण्यात प्रथिनं नावापुरतीही नाहीत. खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. त्यापेक्षा वरीचे तांदूळ आणि दाण्याची दाट आमटी करा, माणशी ३० ग्रॅम दाण्यांत सात ग्रॅम. सोबत राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, वाटीभर दही. दुपारी दूध, संध्याकाळी नैवेद्याचं जेवण नेहमीसारखं डाळ-उसळीसह. असा गुरुवार तुमच्या आत्ताच्या मंगळवारपेक्षा भरीव होईल.

खाण्याबरोबर हलणंही लागेल, कारण प्रथिनं नुसती पोटात गेली म्हणून मांडीत जाऊन बसत नाहीत. स्नायूंकडून काम मागितलं तरच शरीर ते बांधतं. जिम नको. घरातल्या खुर्चीवर बसा, हात छातीशी घ्या आणि आधाराशिवाय उभ्या राहा. पाच-सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सोपं झालं की दहा. रविवारी तलावपाळीला एक फेरी, दमलात तर कठड्यावर बसा, मग दुसरी. स्टेशनवर सध्या लिफ्ट किंवा सरकता जिना वापरण्यात कमीपणा नाही, आणि महिनाभर तरी फास्ट गाडीच्या दारात लोंबकळण्याऐवजी ठाण्याहून सुटणारी स्लो पकडा, बसायला मिळेल. वीस मिनिटं जास्त जातील. त्या वीस मिनिटांसाठी ऑफिसात बोलून ठेवा, आजारपण नुकतंच झालंय, लोक ऐकतात.

अजून एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, आणि मऊ भात, कढण हा आहार त्या तुम्हाला सुचवतात म्हणजे स्वतःही बहुधा तेच खात असणार. त्या वयात स्नायू लवकर झिजतात. किडनी ठीक असेल तर त्यांनाही किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात आणि त्यांच्या ताटात तुमच्याहूनही कमी असण्याची शक्यता आहे. दात नसतील तर मऊ धिरडं दुधात बुडवून, घोटलेली डाळ, ताज्या दह्याचा चक्का साखर बेताची घालून, पिठलं-भात. तुमच्यासाठी भिजवलेली डाळ दीडपट करा, दोघींचं होईल. ‘उष्ण पडतं’ हा वादही बहुधा पहिल्या धिरड्यालाच मिटेल.

तपासण्या या आठवड्यात करून घ्या आणि खाणं उद्यापासून बदला, एकासाठी दुसरं थांबवू नका. तीन-चार आठवड्यांत वजन किलोभर वर यायला हवं, खुर्चीतून उठणं सोपं वाटायला हवं. लोह किंवा ब-१२ कमी निघालं तर डॉक्टर गोळ्या किंवा इंजेक्शनं देतील, ती घ्यावीच लागतील. तिथवर घसरलेलं नुसत्या अन्नाने लवकर भरत नाही. आणि सगळं व्यवस्थित खाऊनही मार्गशीर्षाच्या शेवटी पूल चढताना मांड्या तशाच थरथरत असतील, तर ते रिपोर्ट घेऊन फिजिशियनकडे जा. रोज काय खाताय ते एका कागदावर लिहून सोबत न्या, खारीसकट.